चौदाची झाली छप्पन्न!

“टाकीवर! आधी टाकीवर चढा, मग काय ओरडायचं ते ओरडा!”

मुकादम खालून एकेकाला ढकलत होती. ताई शिडीच्या मध्यावर पोचली होती आणि शंकासुर पहिल्याच पायरीवर उभा राहून विचारत होता, “पण ती इकडेच येतायत कशावरून?”

तेवढ्यात हिरव्या जाळीच्या मांडवामागे धाडधाड आवाज झाला. रोपांच्या ट्रेंचा एक अख्खा रॅक आडवा झाला आणि शंकासुराला त्याचं उत्तर मिळालं. पुढच्याच क्षणी तो ताईच्याही वर होता!

रानडुकरांचा कळप उधळत आला आणि मावशीच्या रोपवाटिकेतून आरपार निघून गेला. पुढे एक थोराड डुकरीण, मागे बाकीची, सगळ्यात शेवटी तुरुतुरु पळणारी पिल्लं. कुंड्या फुटल्या, पिशव्या तुडवल्या गेल्या, ठिबकची नळी एका डुकराच्या पायात अडकून पार कुंपणापर्यंत ओढली गेली. आणि या सगळ्याच्या वर, झाडाच्या शेंड्याइतक्या उंचीवर, तो ड्रोन घोंगावत होता. घूंऽऽऽ! जणू काही झालंच नाही अशा थाटात तो वळला आणि भोपळ्यांच्या शेताकडे निघून गेला.

“आजचा तिसरा दिवस,” मांडवातून धावत आलेली मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता की रागावलेला, ते कळेना. “तीन हजार रोपांची मागणी आहे. पंधरा दिवसांत द्यायचीत. आणि इथे रोज दुपारी चारला बघावं तर हा धुडगूस!”

ताई आणि शंकासुर ही भावंडं सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. ताई तेरा वर्षांची. दिसेल ते वहीत लिहून ठेवायची तिला सवय. शंकासुर दहा वर्षांचा. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ असं कुणी म्हणालं, तरी तो विचारायचा, “रोज?” म्हणून शाळेत त्याला ते नाव पडलं होतं. मुकादम ही मावशीची मुलगी, बारा वर्षांची. रोपवाटिकेतल्या माणसांना, मावसभावंडांना, झालंच तर कोंबड्यांनाही ती हुकूम सोडायची. फक्त आपल्या आईपुढे तिचं काही चालत नसे.

सध्या मावशीचंही कुणापुढे चालत नव्हतं. बुधवारपासून ती फोनला चिकटली होती.

“हॅलो? हो, कालही मीच केला होता. हो, परवाही मीच! अहो, ड्रोन! ड्रोन! नाही हो, द्रोण नव्हे! जेवणाचे द्रोण माझ्या डोक्यावर कशाला उडतील?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. मावशीने डोळे मिटून घेतले.

“पोलीस म्हणाले, डुकरं म्हणजे वनकचेरीचं काम. वनकचेरी म्हणते, उडणारी वस्तू म्हणजे पोलिसांचं काम. आता तुम्ही तहसीलवाले म्हणताय अर्ज द्या. किती प्रती? तीन? बरं. आणि कुणाच्या नावाने? ते रजेवर आहेत? मग तीन प्रती कोण वाचणार?”

फोन कट झाला. मावशीने तो टेबलावर इतक्या जोरात ठेवला, की पेनांचा डबा कलंडला.

“मावशी,” ताई वही पुढे करत म्हणाली, “मी वेळा लिहिल्यात. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी ओढ्यावर ड्रोन दिसला आणि सव्वाचारला डुकरं आली. काल चार वाजून आठ मिनिटांनी ड्रोन, चार वाजून बारा मिनिटांनी डुकरं. आजही तसंच. एरवी डुकरं भर दिवसा येतात का? नाही ना! म्हणजे तो ड्रोनच त्यांना—”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, बाळा! माझं डोकं आधीच उठलंय. जा, तुटलेल्या कुंड्या गोळा करा.”

“पण आई, तिचं जरा ऐकून तर घे—”

“मुकादम! कुंड्या!”

तिघं निमूट कुंड्यांच्या खापऱ्या गोळा करू लागली. मुकादमने एक खापरी टोपलीत आदळली. “आपल्या घरात मुलांचं म्हणणं ऐकायला पण तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो!”

“मी बेचकीने तो ड्रोन पाडतो,” शंकासुर म्हणाला.

“आणि कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे? मग सगळा दोष आपल्या माथी! पाडायचं काही नाही. तो कुठून येतो, ते शोधायचं. सायकली काढा!”

भोपळ्यांच्या शेतावरून गेलेला ड्रोन टेकडीच्या पायथ्याशी घिरट्या घालून माळाकडे परतत होता. मुलांनी मान वर करून सायकली दामटल्या. परिणामी शंकासुर एकदा खड्ड्यात आणि एकदा बाभळीत गेला. पण माळावर पोचली तेव्हा तिघांनाही ती जीप दिसली! जीपशेजारी मोठी छत्री, छत्रीखाली घडीची खुर्ची आणि खुर्चीत कानांना हेडफोन लावलेला एक तरुण. त्याच्या मांडीवर ड्रोनचं चित्र दाखवणारा एक पडदा होता आणि पडद्यावर बिस्किटांचा पुडा.

“थांबा! इथे यायला मनाई आहे,” तो बिस्कीट चावत म्हणाला. “सरकारी काम चाललंय. मला पायलटसाहेब म्हणतात.”

“कोण म्हणतं?” शंकासुराने लगेच विचारलं.

ताईने त्याला चिमटा काढला आणि गोड आवाजात म्हणाली, “बापरे, पायलट! काय काम करता हो तुम्ही?”

एवढं पुरलं! पायलटसाहेबांनी हेडफोन काढला, पुडा बाजूला ठेवला आणि पडदा मुलांसमोर धरला. वनकचेरीने त्यांना रानडुकरं मोजायचं काम दिलं होतं. ड्रोन एकामागून एक चार ठिकाणी जायचा: ओढ्यातलं लव्हाळ्याचं बेट, रोपवाटिका, भोपळ्यांचं शेत, टेकडीचा पायथा. वरून चित्रीकरण व्हायचं आणि डुकरं किती ते यंत्र आपोआप मोजायचं.

“हे बघा! आज ओढ्यात चौदा. रोपवाटिकेत चौदा. भोपळ्यांत चौदा. टेकडीखाली चौदा. एका दिवसाची छप्पन्न! तीन दिवसांची झाली एकशे अडुसष्ट!”

मुलं एकमेकांकडे बघतच राहिली.

“सगळीकडे चौदाच कशी?” शंकासुर म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी चिमटा काढला नाही.

“कळप साधारण तेवढेच असतात.”

“अहो, पण ती पुढची डुकरीण बघा!” मुकादम पडद्यावर बोट ठेवत ओरडली. “तिला शेपूट नाही! ती लांडी आहे. ओढ्याकाठी राहते. मी तिला दोन वर्षं ओळखते! तुमचा ड्रोन तिला बेटातून हुसकतो, ती आमच्याकडे पळते, मग ड्रोन आमच्याकडे येतो, की ती भोपळ्यांत! तुम्ही तीच तीच डुकरं मोजताय!”

“यंत्र खोटं बोलत नसतं, मुली.”

“यंत्र खोटं नाही बोलत, पण तुम्ही बघताय कुठे? तुम्ही बिस्किटं खाताय!”

पायलटसाहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. “हे बघा, हा आकडा वर गेलेला आहे. शंभराच्या वर डुकरं म्हणजे पिकांना धोका. सोमवारी सकाळी नेमबाज येतायत. रविवारी शाळेच्या सभागृहात सभा आहे, मोठ्या मॅडम स्वतः येणार आहेत. तिथे मोठी माणसं काय ते ठरवतील. पळा आता!”

“नेमबाज?” ताईचा आवाज चिरकला. “म्हणजे गोळ्या घालणार? पिल्लांनासुद्धा?”

पायलटसाहेबांनी हेडफोन लावून टाकला.

तिघं परत निघाली. भोपळ्यांच्या शेताच्या बांधावर तिथले आजोबा डोक्याला हात लावून बसले होते. त्यांच्या वेलांचा पार चेंदामेंदा झाला होता. ताईने धीर करून त्यांना सगळं सांगितलं.

“चौदा असोत नाहीतर चारशे!” आजोबा उसळून म्हणाले. “माझे भोपळे गेले ते गेले ना? येऊ देत नेमबाज! आणि तुम्ही पोरं कशाला नाही त्या भानगडीत पडता? जा घरी!”

“सगळे नुसतं ‘जा’ म्हणतात,” शंकासुर पुटपुटला. “‘बस आणि सांग’ असं कुणी म्हणतच नाही.”

संध्याकाळी तिघं टाकीवर पाय सोडून बसली होती. 

“डुकरांवर आकडे लिहिता आले असते तर?” ताई म्हणाली. “एक, दोन, तीन... चौदा. मग चारही ठिकाणी तेच आकडे दिसले असते.”

“तू लिही. मी इथून बघते,” मुकादम म्हणाली. मग एकदम ती उभी राहिली. “थांबा! आकडे कशाला? रंग लावला तर? टाकीतून जादा पाणी पडतं ना, त्याखालच्या चिखलात लोळायला ती कधीकधी पहाटे येतात. आणि आईकडे कुंड्या रंगवायच्या गेरूचं पोतं आहे!”

“गेरूने त्यांना काही होणार नाही ना?” शंकासुराने विचारलं.

“ती नुसती लाल माती आहे. आणि डुकरं मातीतच लोळतात. चला!”

अर्धं पोतं गेरू त्यांनी टाकीवरून खाली ओतला. नेमका त्याच वेळी वारा सुटला! गेरू खाली जायच्याऐवजी वर आला. ताईची वेणी, मुकादमचा फ्रॉक, शंकासुराचे दात, सगळं तांबडंलाल झालं. त्यातून खालचा चिखल बघितला तर तो कोरडा ठणठणीत. पाणी वाया जातं म्हणून मावशीने गेल्याच आठवड्यात जादा पाण्याची तोटी बंद केली होती.

“हे काय? वीटभट्टीत लोळलात का?” मावशी दारातच कडाडली. “इथे मी अर्ज लिहून लिहून थकले आणि तुम्हाला खेळ सुचतायत! तिघंही न्हाणीघरात!”

“मावशी, खेळ नाही गं, आम्ही—”

“एक शब्द नको!”

पण मुकादम म्हणजे मुकादम! जेवणाची पानं वाढली जायच्या आत ती गुपचूप टाकीकडे जाऊन तोटी सोडून आली. उरलेला गेरूही तिने हळूच, वारा पडलेला बघून, चिखलात सोडला.

पहाटे झुंजूमुंजू होताच तिघं टाकीवर आडवी पडून खाली बघत होती. थंडी वाजत होती. शंकासुराला शिंक येत होती आणि ताई त्याचं नाक दाबून बसली होती. खाली तांबडा राडा झाला होता. बराच वेळ काहीच नाही. मग ओढ्याकडच्या लव्हाळ्यात खसफस झाली.

लांडी आली! तिने नाक वर करून वास घेतला, दोन पावलं मागे गेली आणि उभीच राहिली.

“जा ना गं, जा ना,” मुकादम ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

एका पिल्लाला धीर निघाला नाही. ते धावत आलं आणि चिखलात पालथं पडलं. मग दुसरं. मग लांडी स्वतः कुशीवर कलंडली आणि पाय हवेत झाडत अशी काही लोळली, की वरून बघणाऱ्या तिघांना हसू दाबता दाबता पोटात दुखायला लागलं. ताईने दोनदा मोजलं. नऊ मोठी, पाच पिल्लं. चौदा! आणि चौदाच्या चौदा तांबडी!

आनंद जेमतेम अर्धा तास टिकला.

“टाकी रिकामी!” मावशी नळाशी उभी राहून ओरडत होती. “रात्रभर तोटी चालू! आता पंप लावला तरी टाकी भरायला दोन तास! तोवर रोपं काय माझ्या घामावर जगवू? कुणी सोडली तोटी?”

मुकादमने मान खाली घातली. “मी. पण आई, त्याचं कारण—”

“कारण मला सांगू नका! झाऱ्या घ्या, विहिरीवरून पाणी आणा आणि एकूण एक रोपाला घाला.”

सकाळभर तिघं झाऱ्या वाहत होती. खांदे भरून आले, तळहातांना फोड आले. शंकासुर तर रडलाच. “बरोबर काम केलं तरी शिक्षा आणि चुकीचं केलं तरी शिक्षा! मग माणसाने करायचं तरी काय?”  ताईने त्याची झारी उचलली.

चार वाजता ड्रोन आला. पाठोपाठ तांबडा कळप मांडवाच्या कडेने उधळत गेला आणि आणखी एक रॅक घेऊन गेला. मावशी त्या वेळी खतांच्या खोलीत होती. बाहेर येईतो तिला फक्त मोडतोड दिसली.

रविवारी दहा वाजता शाळेचं सभागृह गच्च भरलं. मावशी तीन प्रतींतला अर्ज घेऊन पहिल्या रांगेत बसली. मुलं तिच्या मागे. शेजारी भोपळेवाले आजोबा. वनकचेरीच्या मोठ्या मॅडम टेबलाशी बसल्या आणि पायलटसाहेब पांढऱ्या भिंतीवर चित्रफीत दाखवायला उभे राहिले. आज त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“काल शेवटची मोजणी झाली. एकूण आकडा दोनशे चोवीस! शिवाय,” त्यांनी छाती फुगवली, “काल मला या भागात आजवर कुणालाही न दिसलेली डुकरं सापडली. तांबड्या जातीची! एक नाही, दोन नाही, छप्पन्न!”

सभागृहात एकच गलका झाला. भिंतीवर लव्हाळ्यातून लालभडक डुकरं धावत होती. मग रोपवाटिकेतून लालभडक डुकरं. मग भोपळ्यांतून. मग टेकडीखाली.

मावशी टक लावून भिंतीकडे बघत होती. मग सावकाश मागे वळली. तिने मुकादमच्या नखांकडे पाहिलं. ती अजून तांबडी होती.

“माझा गेरू!” मावशी खच्चून ओरडली.

सगळं सभागृह तिच्याकडे वळलं. ताईच्या मनात आलं, आता नाही तर कधीच नाही! ती उभी राहिली.

“मॅडम, ही तांबडी जात नाही. तो कुंड्यांना लावायचा गेरू आहे. काल पहाटे रोपवाटिकेच्या चिखलात फक्त एकच कळप लोळला. नऊ मोठी आणि पाच पिल्लं. आम्ही तिघांनी टाकीवरून मोजली. मग एका कळपाची चार ठिकाणी छप्पन्न डुकरं कशी होतील?”

“पोरखेळ आहे हा!” पायलटसाहेब म्हणाले.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. “मुली, तू पुढे ये. इथे बस. आणि नीट सांग.”

शंकासुराने डोळे विस्फारून मुकादमकडे बघितलं. शेवटी कुणीतरी ‘बस आणि सांग’ म्हणालं होतं!

ताईने वही उघडली. चित्रफितीच्या कोपऱ्यात वेळ होतीच. मॅडमनी एकेक चित्र थांबवून वाचायला लावलं. ओढा, चार वाजून पाच. रोपवाटिका, चार बारा. भोपळे, चार वीस. टेकडी, चार एकतीस. प्रत्येक चित्रात सगळ्यांत पुढे तीच बिनशेपटीची डुकरीण.

“आजोबा,” मॅडमनी विचारलं, “डुकरं तुमच्या शेतात भर दिवसा कधीपासून यायला लागली?”

आजोबा डोकं खाजवत उठले. “आधी कधी एखाददुसरी यायची, तीही अंधार पडल्यावर. दिवसाढवळ्या म्हणाल तर...” ते थबकले. “बुधवारपासूनच, बाई. बुधवारपासूनच!”

“आणि तुमची मोजणी कधी सुरू झाली?”

पायलटसाहेबांचा आवाज आता अगदी खाली गेला होता. “बुधवारी.”

“म्हणजे चौदा डुकरं आपणच बेटातून हुसकली, लोकांच्या शेतांतून पळवली, सोळा वेळा मोजली आणि मग त्यांना मारायला माणसं बोलावली. आणि यातलं काहीही पायलटच्या लक्षात आलं नाही, कारण मोजायला यंत्र होतं!” मॅडमनी कागदावरचा दोनशे चोवीस आकडा खोडला. “माझ्याही आलं नाही. रोज चौदाच कशी, हे मीसुद्धा विचारायला हवं होतं.”

तिथेच त्यांनी फोन लावून नेमबाजांना नको म्हणून कळवलं. ड्रोन त्या दिवसापासून बंद झाला. पायलटसाहेबांनी पुढची मोजणी पायी, ओढ्याच्या काठाकाठाने करायची असं ठरलं. मावशीच्या आणि आजोबांच्या नुकसानीची पाहणी मॅडम स्वतः करणार होत्या, आणि भोपळ्यांच्या शेताला ओढ्याच्या बाजूने जाळीचं कुंपण मिळणार होतं.

“आणि अर्ज?” मावशीने तीन प्रती पुढे केल्या.

“द्या. तिन्ही मीच वाचते,” मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. मग मुलांकडे वळल्या. “शाबास! डोळे उघडे ठेवून मोजणारी माणसं आमच्या कचेरीलाही हवी आहेत.”

टाळ्या झाल्या. आजोबा गर्दीतून वाट काढत आले आणि तिघांच्या पाठीवर एकेक थाप मारून म्हणाले, “मी परवा तुम्हाला हाकलून दिलं. चुकलो पोरांनो. केस पांढरे झाले म्हणून शहाणपण आपोआप येत नाही!”

घरी येताना मावशी झपाझप पुढे चालत होती. मुलं जरा घाबरूनच मागून चालत होती. बोलणी बसणार, हे नक्की! ओढ्याच्या पुलावर ती थांबली आणि कठड्यावर बसली.

“चार दिवस मी सगळ्या कचेऱ्यांवर चिडत होते. माझं कुणी ऐकून घेत नाही, मला कुणी पुरतं बोलू देत नाही म्हणून. आणि घरात तुम्ही तिघं माझ्याबद्दल अगदी हेच म्हणत असाल, नाही?”

 मुकादम आईला जाऊन बिलगली.

“ताई, ती वही दे बघू इकडे,” मावशी म्हणाली. “पहिल्या पानापासून वाचते. आणि मी वाचत असताना तुम्ही तिघांनी मध्ये मध्ये बोलायचं. हवं तेवढं!”